पाखरे का उठली?



या वेळी आम्ही कोणताही अभंग निरूपणास घेतलेला नाही. आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगणार आहोत, आणि तिच्या निमित्ताने जे चार शब्द सुचतील ते. कीर्तनकाराने दुसऱ्यांचे दोष सांगावयाचे आणि आपले झाकावयाचे, ही रीत आमच्याही अंगवळणी पडलेली आहे. ती एकदा मोडून पाहू.

मुंबईत चेंबूरच्या पलीकडे, तुर्भ्याच्या टेकड्यांच्या पायथ्याशी माहुल नावाचे गाव आहे. मूळचे कोळ्यांचे. समोर खाडी, तिवरांची झाडी, आणि ओहोटी लागली की दूरवर उघडा पडणारा काळा चिखल. खाडीच्या पैलतीरावर शिवडी. याच चिखलावर गेली तीसएक वर्षे हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. कुणी त्यांना अग्निपंख म्हणतात, इंग्रजी शिकलेले फ्लेमिंगो म्हणतात. काठीसारखे लांब पाय, सापासारखी मान, वाकडी चोच आणि अंगावर गुलाबी झाक. एक थोरला, तो पुरुषाच्या छातीला लागेल एवढा उंच. दुसरा धाकटा, रंगाने अधिक गडद. माहुलला जास्त दिसतो तो धाकटाच.

आम्ही संध्याकाळी त्या बाजूला फिरावयास जातो. वैद्याने चालावयास सांगितले आहे हे एक, आणि पाखरांचा नाद आहे हे दुसरे. घरच्या मुलांनी एक कॅमेरा घेऊन दिला, मग काय, नाद वाढला. खंड्या, धोबी, शेकाट्या, तुतवार, कुदळ्या, जो दिसेल त्याचा फोटो काढावा, घरी येऊन मोठा करून पाहावा, नाव शोधावे. मारुती चितमपल्ली हे सोलापूरचे वनाधिकारी. सारी हयात रानात घालवून त्यांनी मराठीत पक्षिकोश लिहिला आणि २०२५ साली देह ठेवला. त्या कोशाच्या आधाराने आम्ही पाखरांची आपली नावे लिहू लागलो. यात वाईट ते काय? काहीच नाही. पांडुरंगाने केलेली सृष्टी डोळे भरून पाहावी, हे संतांना मान्यच आहे. माउलींनी अंगणात आलेल्या कावळ्याला पाहुण्याची वार्ता विचारली. जनाईने दूर दिशांना चाऱ्यासाठी गेलेली पक्षीण पाहिली आणि तिचे चित्त घरट्यातल्या पिलांत कसे गुंतलेले असते ते सांगून विठाईचे प्रेम आपल्याला समजावले. तुकोबा तर झाडाझुडपांत आणि पाखरांत सोयरे शोधणारे. तेव्हा पाखरे पाहण्याचा नाद हा वारकऱ्याला परका नाही.

परंतु पाहणे निराळे आणि घेणे निराळे.

मागील माघाची गोष्ट. प्रकृतीमुळे माघी वारीस जाता आले नाही. मन खट्टू होते. पौर्णिमेच्या दिवशी, पंढरीत गोपाळकाला चालला असेल अशा वेळी, आम्ही कॅमेरा गळ्यात घालून खाडीवर गेलो. साडेपाच वाजले होते. ओहोटी पुरी लागलेली, चिखल अर्ध्या कोसावर उघडा पडलेला, आणि रोहितांचा थवा थेट पाण्याच्या कडेला, पार लांब. काचेतून पाहावे तर गुलाबी ठिपक्यांची एक ओळ. सूर्य शिवडीच्या बाजूला उतरत होता. त्या उन्हासमोर जर यांनी पंख उघडले, तर काय फोटो येईल!

इथे पाखराचा एक विशेष सांगितला पाहिजे. रोहित बसलेला असतो तेव्हा पांढुरका-गुलाबी दिसतो. त्याचा खरा लाल रंग पंखाखाली झाकलेला. तो उडाला की लाल आणि काळा असा पंख उलगडतो, आणि मग त्याला अग्निपंख का म्हणतात ते कळते. म्हणजे ज्याला तो रंग हवा, त्याला पाखरू उडालेले हवे. आणि पाखरू आपल्या मर्जीने उडेना, तर मनुष्याला काय सुचते ते निराळे सांगावयास नको.

आम्ही धोतर खोचले, तिवरांतून वाट काढली आणि चिखलात उतरलो. गुडघाभर रुतत, अंग वाकवून, चोरासारखे पुढे सरकलो. चाळीस-पन्नास पावलांनंतर कडेच्या पाखरांनी खाली घातलेल्या माना वर केल्या. ती सूचना होती. आम्हाला ती कळली नाही असे म्हणता येणार नाही. आम्ही आणखी दहा पावले टाकली. थवाच्या थवा उठला. हजारो पंख एकदम उघडले, मागून ऊन आले आणि आकाशात पेट घेतल्यासारखे झाले. आम्ही बटण दाबीत राहिलो. थवा एक घिरटी घालून शिवडीकडे दिसेनासा झाला. चिखल रिकामा. आम्ही मात्र धन्य!

फोटो खरोखरच सुंदर आला होता. आठ दिवसांच्या आत तो मोठा करून, चौकट लावून आमच्या भजनी मंडळाच्या खोलीत विठोबाच्या तसबिरीशेजारी टांगला गेला. मंडळी कौतुक करू लागली. आम्ही एवढ्यावरही थांबलो नाही. त्याच फोटोकडे बोट दाखवून जीवन्मुक्ताच्या स्वच्छंदपणावर अर्धा तास निरूपण केले. श्रोते डोलले. टाळ वाजले.

माहुलातले एक वृद्ध कोळी त्या दिवशी भजनाला आले होते. गळ्यात माळ आहे. माळ घातली तेव्हापासून स्वतः मासळी खात नाहीत, पण मुलांची जाळी शिवून देतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. भजन संपल्यावर ते फोटोपाशी बराच वेळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “बुवा, ही पाखरं उडालेली नाहीत. उठवलेली आहेत.”

आम्ही विचारले, “कशावरून, काका?”

“पाखरू आपल्या मनानं उडतं तेव्हा सगळ्यांची तोंडं एका दिशेला असतात. जायचं कुठं ते ठरलेलं असतं. इथं बघा, कोण इकडं, कोण तिकडं. एकमेकांवर आदळायला आलीत. घाबरलीत ती.”

आम्ही फोटो पुन्हा पाहिला. खरेच होते. ज्याला आम्ही मुक्ताचा स्वच्छंद म्हणून अर्धा तास वाखाणले, ती भेदरलेल्या जिवांची धावाधाव होती. आणि भेदरवणारा तोच निरूपणाला बसला होता.

तुकोबांच्या चरित्रातला एक प्रसंग आपण सर्वांनी कीर्तनात ऐकला आहे. आम्हीही तो कितीदा सांगितला असेल त्याची गणती नाही. वाटेने जाताना एके ठिकाणी पाखरे दाणे टिपीत होती. तुकोबा जवळ आले तशी ती भुर्रकन उडाली. तुम्ही-आम्ही असतो तर पुढे गेलो असतो. पाखरे उडायचीच. तुकोबा तेथेच थांबले. त्यांना वाईट वाटले ते असे, की मी सर्वांभूती एकच देव म्हणतो आणि हे जीव मला भितात, म्हणजे माझ्यात अजून भिण्यासारखे काहीतरी उरले आहे. मग ते श्वास आवरून खांबासारखे उभे राहिले. पाखरे परत आली आणि त्यांच्या अंगाखांद्यावर बसली, असे चरित्रकार सांगतात.

या कथेत आम्ही नेहमी शेवटच्या चमत्कारावर भर देत आलो. पाखरे खांद्यावर बसली म्हटले की श्रोते ‘अहाहा’ करतात. पण काका बोलून गेल्यावर आम्हाला कथेची पहिली ओळ दिसू लागली. पाखरे उडाली. उडाल्याचा दोष तुकोबांनी पाखरांना दिला नाही, आपल्याकडे घेतला. चमत्कार असेल तर तो येथे आहे. आम्ही काय केले? पाखरे उडाली, म्हणून आनंद केला. उडावीत म्हणून चिखलात उतरलो. तुकोबांचे नाव घेणाऱ्याने तुकोबांच्या बरोबर उलट करावे, आणि वर चौकट लावून ते देवाशेजारी टांगावे!

आता कोणी म्हणेल, बुवा, तुम्ही एवढे मनाला का लावून घेता? बंदूक थोडीच मारली? पाखरू उडाले, पुन्हा बसेल. हा युक्तिवाद आम्हीही स्वतःशी दोन दिवस करून पाहिला. त्याला उत्तर पाखराच्या पोटात आहे.

रोहिताचे खाणे म्हणजे खाडीच्या उथळ पाण्यातले शेवाळ. तेही डोळ्यांना न दिसणारे, धुळीच्या कणासारखे. त्याला मान खाली घालून, डोके उलटे करून, चोच पाण्यात बुडवून ठेवावी लागते. जीभ भात्यासारखी मागेपुढे करून तो पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक कंगव्यातून गाळून बाहेर टाकतो. जे अडकेल ते त्याचे अन्न. अशा कणांनी पोट भरावयाचे तर तासन्‌तास मान खाली पाहिजे. खाडी त्याला चोवीस तास वाढलेले ताट देत नाही. पाणी खोल झाले की जेवण बंद. त्या मोजक्या घटकांत आपण त्याला तीनदा उठवले, तर ते जेवत्या पंगतीतून तीनदा उठवण्यासारखे आहे. शिवाय उन्हाळा संपता संपता यातल्या बहुतेकांना गुजरातच्या बाजूला, कच्छच्या रणाकडे शेकडो मैल उडून जावयाचे असते. त्या प्रवासाची शिदोरी ते येथे, या चिखलात बांधतात. ती शिदोरी आम्ही एका फोटोसाठी सांडली.

याच पाखराची आणखी एक गोष्ट. रोहिताचे पिलू अंड्यातून निघते ते राखाडी रंगाचे. मादी चिखलाच्या उंचवट्यावर एकच अंडे घालते. गुलाबी रंग जन्माचा नाही, तो अन्नातून येतो. ज्या शेवाळावर ते जगते त्यातला रंग हळूहळू पिसांत उतरतो आणि त्याला दोन-तीन वर्षे लागतात. संगतीने रंग चढतो हे आपण हरिपाठाच्या संगतीत सांगत आलोच आहोत, इथे ते पिसांत पाहावयास मिळते. पण आम्हाला जास्त भिडते ते पुढचे. पिलाला शेवाळ गाळता येत नाही, कारण त्याची चोच अजून वाकलेली नसते. मग आई आणि बाप दोघेही आपल्या गळ्यातून दुधासारखा एक लाल रस काढून त्याला भरवतात. तो भरवता भरवता आईबापांचा आपला रंग उतरू लागतो. ती फिकी पडतात, कधी पांढरीही दिसतात. ज्ञानोबांना आपण माउली का म्हणतो याचा दृष्टान्त शोधावयास आता आम्हाला दूर जावे लागत नाही.

कॅमेऱ्याला आम्ही सरसकट दोष देत नाही. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला हे चांगलेच झाले. सालिम अली हे नाव पुष्कळांना ठाऊक असेल. मुंबईत खेतवाडीला १८९६ साली त्यांचा जन्म. लहानपणी त्यांनी हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ती कोणती ते विचारण्यासाठी मामाच्या सांगण्यावरून ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले. ही संस्था १८८३ची. तेथल्या मिलार्ड नावाच्या साहेबांनी त्या पोराला पेंढा भरलेल्या पाखरांची कपाटे उघडून दाखवली आणि त्याचे आयुष्यच बदलले. पुढे हिंदुस्थानातल्या पाखरांचा एवढा मोठा जाणकार झाला नाही. आम्हाला ही कथा वाचताना वाल्मीकींची आठवण होते. तेथेही व्याधाच्या बाणाने पडलेले एक पाखरूच होते आणि त्याच्या शोकातून रामकथा उभी राहिली. (सालिम अलींनी अभ्यासासाठी पुढेही बंदूक चालवली, आणि ते त्यांनी लपवले नाही. हे सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही दृष्टान्ताच्या सोयीसाठी माणूस बदलतो.)

परंतु बंदूक गेली तरी पारध्याचे मन गेले काय? इंग्रजीत बंदूक चालवण्याला आणि फोटो काढण्याला एकच क्रियापद आहे म्हणतात. मराठीत आपण फोटो ‘काढतो’. पाण्यातून घागर काढावी तसा. शब्द बरा आहे. हात मात्र तसा असला पाहिजे. माउलींनी ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात श्रोत्याने ऐकावे कसे हे सांगताना भुंग्याचा दाखला दिला आहे. तो पराग घेऊन जातो, पण कमळाच्या पाकळीला पत्ता लागत नाही. त्याच ठिकाणी चांदण्याचे कोवळे कण हळुवार वेचणारी चकोराची पिलेही आहेत. माउली ग्रंथ ऐकण्याविषयी बोलत होते. आम्हाला मात्र वाटते, पाखरांचा फोटो काढण्याचा यापेक्षा चांगला नियम कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. जे घ्यावयाचे ते असे घ्या, की ज्याचे घेतले त्याला कळूही नये.

जाणते पक्षीनिरीक्षकही निराळ्या शब्दांत हेच सांगतात. घरट्याजवळ जाऊ नका, पाखराचा आवाज यंत्रावर वाजवून त्याला फसवून बोलावू नका, माना वर झाल्या की थांबा. शेवटचे आम्हाला कोणी सांगावयास नको होते. माना वर झालेल्या आम्ही पाहिल्या होत्या.

उभे राहण्यातही फरक असतो, हा विचार तेव्हापासून आमच्या मनात घोळतो आहे. खाडीवर बगळा उभा असतो. एका पायावर, डोळे अर्धे मिटलेले. पाहणाऱ्याला वाटावे, केवढा योगी! बकध्यान हा शब्द आपल्याकडे उगीच झालेला नाही. त्याचे सारे स्तब्धपण मासा जवळ येईपर्यंतचे. आम्ही तीन पायांच्या घोडीवर कॅमेरा लावून तासभर हालत नाही, तेव्हा लोक म्हणतात, बुवांची काय एकाग्रता! आमचे मन आम्ही जाणतो. ते बगळ्याचेच. आणि एक उभे राहणे भीमेच्या वाळवंटापाशी आहे. अठ्ठावीस युगे म्हणतात. हात कमरेवर. ते हात पुढे येऊन कोणाला ओढीत नाहीत, कोणाला धरीत नाहीत. पुंडलिकाने वीट फेकली, तिच्यावर उभा राहिला, आणि जो येईल त्याची वाट पाहतो. मागणे नाही, घेणे नाही. म्हणूनच तेथे भिऊन कोणी पळत नाही, उलट लोक पायी दोनदोनशे मैल चालत येतात. तुकोबा पाखरांपुढे उभे राहिले ते या उभे राहण्याने.

आणखी एक गोष्ट या फोटोने आमच्या पदरात टाकली. ती लिहिण्यास संकोच वाटतो, पण लिहितो.

माहुलला पाखरांकडे तोंड केले की शिवडीची बाजू दिसते, पाणी दिसते, मावळता सूर्य दिसतो. आता शिवडीहून न्हावा शेव्याकडे जाणारा अटल सेतूही आहे, तो २०२४च्या जानेवारीत सुरू झाला. या सगळ्याला तोंड केले म्हणजे माहुलला पाठ होते. आणि पाठीमागे काय आहे? १९५४-५५ साली येथे तेल शुद्ध करण्याचे दोन मोठे कारखाने उभे राहिले. पुढे रसायनांचे आले, तेलाच्या टाक्या आल्या. त्यांच्या शेजारी सरकारी योजनेत इमारती बांधल्या गेल्या आणि तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे पाडून हजारो कुटुंबांना तेथे आणून ठेवले. माहुल-आंबापाड्याच्या हवेने लोकांच्या प्रकृतीला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ सालीच म्हटले होते. लोक रस्त्यावर बसले. २०१८च्या दिवाळीच्या सुमारास विद्याविहारला जलवाहिनीवर धरून बसलेली ती बायकामुले आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. २०१९च्या सप्टेंबरात मुंबईच्या उच्च न्यायालयाने सांगितले, की माणसांना अशा हवेत राहण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा पंधरा हजार रुपये भाडे आणि पंचेचाळीस हजार अनामत द्या.

म्हणजे पाखराला चिखल आवडेना तर ते उडून शिवडीला जाऊ शकते. माणसाला उडता येत नाही, त्याला कोर्टात जावे लागते. या लोकांच्या दारावरून आम्ही किती संध्याकाळी कॅमेरा घेऊन गेलो असू! एकदाही तो त्यांच्याकडे वळला नाही. वळावा असेही नाही. कोणाच्या दुःखाचा फोटो काढणे हा आणखी एक प्रश्न आहे. पण डोळे तरी वळावेत? गुलाबी रंग पाहण्यासाठी आलेल्यांपैकी एकाने त्या इमारतीतल्या एखाद्या माउलीला, “बाई, दमा कसा आहे,” एवढे विचारावे? कॅमेऱ्याला पाठ नसते, पुढचे तेवढे त्याला दिसते. माणसाला मान वळवता येते. आता आम्ही जाता-येता तेथे दोन घरी टेकतो. यात परोपकार नाही, चहा तेच देतात.

रोहितांचेही सगळे बरे चालले आहे असे कोणी समजू नये. २०१५ साली ठाणे खाडीचा ऐरोली ते वाशी या पुलांमधला सुमारे १७०० हेक्टरांचा पट्टा रोहितांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींत स्थान मिळाले. चांगली गोष्ट. पण शिवडी-माहुलचा चिखल त्या हद्दीच्या बाहेर आहे, आणि पाखरांना हद्द वाचता येत नाही. २०२४च्या मे महिन्यात एका रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाला थवा धडकला आणि एकोणचाळीस रोहित मेले. पंतनगरच्या गल्ल्यांत सकाळी लोकांना पंख सापडले. रात्री ते पाखरू का उठले होते, कोणी उठवले होते, यावर पुष्कळ वाद झाला. आम्ही त्या वादात पडत नाही. पाखरे का उठली हा प्रश्न मात्र आमच्या कानात तेव्हापासून आहे.

फोटो काढून ठेवावा म्हणून आम्ही मंडळात गोष्ट काढली. मंडळी ऐकेनात. “चांगला आहे की बुवा, राहू द्या!” म्हणाली. आम्ही कारण सांगितले, तर म्हणाली, मग तर राहिलाच पाहिजे. तो तेथेच आहे. आम्हाला त्याच्याखाली बसून बोलावे लागते.

काकांनी त्या रात्री जाता जाता एक गोष्ट सांगितली होती. “पौर्णिमेला कशाला गेलात? त्या दिवशी सांजेला सुकती असते. पाखरू लांबच असणार. एकादशीला या.”

कोळी लोकांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ निघते. पौर्णिमा पंधरावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणून साडेपाचला ओहोटी. एकादशी अकरावी, तिची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती पुरी व्हावयाची, म्हणजे साडेपाच-सहाला पाणी चढत असते. चढते पाणी मागून ढकलते आणि चरत चरत पाखरे आपण होऊन काठाशी येतात. चिखलात उतरावे लागत नाही. काठावर उभे राहिले की झाले.

एकादशीला आम्ही कॅमेऱ्याला हात लावीत नसू. उपवास, हरिपाठ, रात्री कीर्तन. त्या दिवशी नाद नको, असा आमचा नेम. तेव्हा माघ वद्य एकादशीला गेलो ते मोकळ्या हातांनी. काका जाळे घेऊन बांधावर बसले होते. आम्ही शेजारी उभे राहिलो. पाणी येत होते. आधी दिसत नाही. मग चिखलातली एक शिंपली बुडते, मग दुसरी. थवा लांब होता तो मान खाली घालून जवळ येऊ लागला. घुग्‌घुग्‌ असा त्यांचा आपसातला आवाज ऐकू येऊ लागला. तीस पावले, मग वीस. त्यांचे लालभडक डोळे दिसले. एकानेही मान वर केली नाही. आम्ही नाम घेत होतो की नाही ते आठवत नाही.

इतक्यात बांधावर दोन तरुण आले. हाती भारी कॅमेरे. एकाने थोडा वेळ पाहिले आणि खाली वाकून दगड उचलला. तो कशासाठी हे आम्हाला सांगावे लागले नाही.

आम्ही म्हणालो, “बाळा, थांब. थोड्याच दिवसांपूर्वी मी हेच केले आहे.”

त्याने आमच्या कपाळाच्या टिळ्याकडे आणि माळेकडे पाहिले. तो हसला. त्याला खरे वाटले नसावे. पण दगड हातात राहिला. काका काही न बोलता थोडे सरकले आणि बांधावर त्याला बसावयास जागा करून दिली. तो बसला. दुसराही बसला. उजेड उतरला होता, फोटो येण्यासारखा राहिला नव्हता. पाणी बांधाला लागले तशी पाखरे एकेक करून उठू लागली. सगळ्यांची तोंडे शिवडीकडे.

त्या मुलाने हातातला दगड शेजारी ठेवला आणि काकांना विचारले, “आता पुढची एकादशी कधी आहे?”

काकांनी आमच्याकडे बोट केले. आम्ही तिथी सांगितली आणि कीर्तनाला उशीर होत होता म्हणून निघालो.